आमच्या दोघींचा नवस

आमच्या वाडीत बायका धावत त्या कामाला. वासरू दावं तोडून सुटलं तर, अंगणात भात वाळत घातलेलं असताना सर आली तर, नाहीतर पालीच्या नाक्यावर एसटी सुटायच्या बेतात दिसली तर. पदर खोचायचा, धावायचं, काम झालं की परत आपली चाल धरायची. काही कारण नसताना, कुठे पोचायचं नसताना, सकाळी उठून धावणारी बाई वाडीने पाहिली नव्हती. ती पहिली मी. त्यामुळे माझ्या धावण्याची चर्चा माझ्या पायांच्या आधी वाडीभर फिरून आली. कुणी म्हणे पोरीला लागीर झालंय, कुणी म्हणे मुंबईला पळून जायची तयारी चाललीय. मी धावायची त्या सड्यावरून, वरच्या कातळपठारावरून, मुंबईला पळून जायला रस्ता नाही, हे सांगायला मी कुणाच्या दारात गेले नाही.

आमचं घर वाडीच्या टोकाला, वर सडा आणि खाली भातखाचरं अशा मधल्या उतरणीवर. बाबा मुंबईत एका छापखान्यात कामाला. ते घरी यायचे शिमग्याला आणि गणपतीत, आणि आल्यावर पाहुण्यासारखे ओटीवर बसून राहायचे. घर चालायचं ते आप्पांच्या शब्दावर. आप्पा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांना मूलबाळ नव्हतं, काकी मी लहान असतानाच गेली, त्यामुळे घरात आम्ही तिघंच: आप्पा, आई आणि मी. पहाटे आप्पांचा खाकरा ऐकू आला की आई चूल पेटवायची. तिच्या फुंकणीचा आवाज, मग ओल्या लाकडाची चरचर, मग पेजेच्या भांड्यावरचं झाकण थडथडायला लागायचं. ती पेज, वर मिठाचा खडा आणि बाजूला भाजलेली सुकट, हा आमचा न्याहारीचा थाट. आई हाडकुळी, कामाला चपळ आणि बोलायला कंजूष होती. आप्पांसमोर तर ती मान खाली घालूनच वावरायची. म्हणून सगळ्यांना वाटे की ही बाई गरीब गाय आहे. तसं काही नव्हतं.

शाळा संपवून मी घरी बसले होते तेव्हाची गोष्ट. पालीच्या बाजारात आमच्या शाळेचे खेळाचे सर भेटले. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "कुंदा, पोलिसात मुलींची भरती निघणार आहे. दिवाळीनंतर. उंची आहे तुझी. फक्त धावायला लाग." रात्री जेवताना मी हे सांगितलं. आप्पा घास तोंडात तसाच ठेवून हसले. "पोलीस? चोर आला तं ही पळंल का चोर पळंल?" मग हसू पुसून म्हणाले, "शिमग्याला तुजा बाबा आला की त्या संगमेश्वराकडच्या मान्सांना बोलवायचा हाय." ते स्थळ मला माहीत होतं. मुलगा मुंबईत, घरात त्याची अंथरुणाला खिळलेली आई. त्या लोकांना सून नको होती, म्हातारीची उसाभर करणारं माणूस हवं होतं. भरतीत निवड झाली तर मी पोलीस होणार होते, नाहीतर शिमग्यानंतर संगमेश्वराला जाणार होते. आई आप्पांच्या पानात भात वाढत होती. वाढता वाढता, वर न बघता ती म्हणाली, "धावूंदे तिला." आप्पांनी भातावर कालवण ओतून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आईने मला न्हायला लावलं आणि नवलाईच्या देवळात नेलं. आप्पांनाही बरोबर घेतलं, "देवीला नारळ द्यायचा हाय" एवढंच सांगून. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, आईने नारळ पुढे केला आणि जन्मात पहिल्यांदा मी तिचा खणखणीत आवाज ऐकला. "बाय नवलाई, माजी लेक पोलिसात लागूंदे. ती लागंपर्यंत आमी दोगी मायलेकी पायात काय घालनार नाय." गुरव "व्हय म्हाराजा" म्हणाला. देवीपुढे बोललेला नवस, तोही गुरवाच्या साक्षीने. आता धावायला नको म्हणायचं तर ते देवीलाच नको म्हणण्यासारखं झालं असतं, आणि आप्पा तर देवळाचे मानकरी. परत येताना आम्ही दोघी स्लीपरा हातात घेऊन चालत होतो आणि आई गालातल्या गालात हसत होती. मला तेव्हा तिच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की पायाला बोचणारे खडेही गोड लागले. अजूनही वाटतं, तिच्या हातात दुसरं काय होतं? भांडून ती जिंकली नसती. तिने आप्पांच्याच देवीला आपल्या बाजूने उभं केलं.

सकाळचा क्रम ठरला. उजाडायच्या आधी आम्ही दोघी उठायचो. आधी परसाकडे जायचं, आमच्या घराखालच्या काजूच्या राईत. ती वाडीतल्या सगळ्या बायकांची जागा. पावसाळ्यात तिथली माती कायम ओली, पाचोळा कुजलेला, पाय घोट्यापर्यंत रुतायचा. पूर्वी तिथे जाताना स्लीपर असायची, आता नवसाचे पाय. तिथून पाखाडीच्या पायऱ्या चढून वर सड्यावर. सडा म्हणजे कोकणातली एकच सपाट जागा. नुसता काळा कातळ, पावसाळ्यात त्यावर बोटभर गवत आणि खळग्यांत साठलेलं पाणी. वाऱ्याला अडवायला काही नाही. मी धावायला लागले की आई गवत कापत माझ्या मागून मागून चालायची, मी वळून परत तिच्याकडे यायची. पहिल्या दिवसांत छातीत कळा आल्या, पोटऱ्या दगडासारख्या झाल्या, पण ते सगळं सुटत गेलं. लावणी आटोपेपर्यंत मी सड्याच्या पलीकडच्या कुंडापर्यंत न थांबता जायला लागले. धावताना माझं मलाच हसू यायचं. कुणाच्याही आधी उठून, कुणाचंही काम नसताना, मी माझ्यासाठी श्वास घेत होते. तसं सुख मला पुढे फार वेळा मिळालं नाही.

आता रत्नागिरीत रविवारी सकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर गेलं की धावणाऱ्यांची रांगच दिसते. रंगीत बूट, कानात गाणी, मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ. माझी सूनही त्यात असते. दमली की घड्याळ बघते आणि म्हणते, "आई, आज बॉडी साथ देत नाहीये." मग घरी येऊन केळं खाते, रक्त तपासून घेते, दोन दिवस झोप काढते. मी तिला हसत नाही. हसण्यासारखं त्यात काही नाही. उलट तिच्याकडे बघून मला बरं वाटतं, कारण दमण्याचं कारण शरीरात शोधायचं असतं हे तिला कुणी न सांगता ठाऊक आहे.

आम्हाला ते ठाऊक नव्हतं. पावसाळ्यात आमच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली, पुरळ उठलं, कातडी सोलवटली. चिखल्या झाल्या म्हणून आईने कोकमाचं मुठेल, ते घट्ट तेल, विस्तवावर पातळ करून दोघींच्या पायांना चोळलं. खाचरात राबणाऱ्या सगळ्यांनाच त्या व्हायच्या. थोडे दिवस कोरडा खोकला झाला, तो हवा बदलली म्हणून सोडून दिला. मग गणपती आले, मुंबईकर आले, आरत्या झाल्या, बाबा ओटीवर बसून परत गेले. विसर्जनानंतर मी पुन्हा सड्यावर गेले आणि कुंडाच्या अर्ध्या वाटेवर माझे पाय संपले.

संपले म्हणजे दुखले नाहीत. दुखणं मला समजलं असतं. कुणीतरी आतून बूच काढावं आणि सगळं वाहून जावं तसं झालं. कानात ढोल वाजायला लागला, डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचले, आणि मी कातळावर बसले ती उठायचं विसरूनच गेले. आई विळा टाकून आली. "काय झाला गो?" "पाय नाय चालत." "मुरगळला?" "नाय. नुसता चालत नाय." आईने माझ्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. "मोदक जास्त झाले," ती म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो. दुसऱ्या दिवशी मी आणखी अलीकडे बसले. तिसऱ्या दिवशी पाखाडी चढतानाच धाप लागली. तेव्हा कुणी हसलं नाही.

मी सरांकडे गेले. सर म्हणाले, नवीन धावणाऱ्याला असा एक टप्पा येतोच, सुरुवातीला वेगाने धावलं की शरीर मग संप करतं, थोडं चाल, थोडं धाव, गूळ-शेंगदाणे खा. सल्ला चुकीचा नव्हता. ते मला उभ्या बाजारात बघत होते, त्यांना काय कळणार. मी सगळं केलं. गालात गुळाचा खडा धरून धावले. झुडपापर्यंत चालायचं, झुडपापासून धावायचं, असं करून पाहिलं. आदल्या दिवशी भाकरी जास्त खाऊन पाहिलं, उपाशी धावून पाहिलं. धावायच्या आधी बसून दम साठवता येतो का, तेही करून पाहिलं. पोत्याला भोक असावं तसं जितकं भरावं तितकं सांडत होतं. जिना चढावा तसं मला अंगण चढावं लागायचं. विहिरीवर कळशी उचलताना माझे हात थरथरायचे आणि बाकीच्या बायका एकमेकींकडे बघायच्या. दिवाळी जवळ येत होती. मला फार भीती वाटायला लागली. संगमेश्वरच्या त्या म्हातारीचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं, पण रोज सकाळी धाप लागली की ते मला समोर दिसायचं.

त्या दिवसांत मला एक विचित्र भूक लागली. चुलीच्या कडेची भाजलेली माती. तिचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. आधी मी नखाने जराशी खरवडून जिभेवर ठेवली. मग विळ्याच्या टोकाने चांगला तुकडा काढून पदराखाली घेऊन बसायची. ती माती दाताखाली कुरकुरताना जे समाधान वाटायचं ते माशाच्या कालवणानेही वाटत नसे. एक दिवस आईने मला पकडलं. माझ्या ओठांना लाल माती लागलेली, हातात तुकडा. मला वाटलं मारेल. ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भय होतं. आमच्याकडे माती खाणाऱ्या बाईबद्दल लोक दोनच गोष्टी बोलतात. पहिली म्हणजे डोहाळे, ती माझ्या बाबतीत शक्य नव्हती, हे तिला माहीत होतं. दुसरी म्हणजे देवाची खोड, देवाचा कोप.

आप्पांनी सांगितलं, कौल लावू. पुन्हा नवलाईचं देऊळ, पुन्हा गुरव. देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि उजवीकडची आधी पडते की डावीकडची याची वाट बघायची. उजवी म्हणजे होय. गुरवाने विचारलं, "लेकराचा दम गेलाय तो नवसात काय चुकी झाली म्हनून काय? तसा असंल तं उजवा दे, म्हाराजा." आम्ही उभे. बाहेर कोंबडा ओरडत होता. मला उभं राहवत नव्हतं म्हणून मी खांबाला टेकले. उजवी पाकळी पडली. आप्पा माझ्याकडे वळले. "घातलीस काय गो कवा पायात?" मी घातली नव्हती. एकदाही नाही. अर्ज द्यायला रत्नागिरीला गेले होते तेव्हासुद्धा एसटीत, कचेरीत, डांबराच्या चटक्यावर अनवाणीच होते, आणि हे आईला माहीत होतं, ती बरोबर होती. पण पाकळी खोटं बोलत नाही हेही आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आई म्हणाली, "तिना नाय घातली." आप्पा म्हणाले, "मग तू?" आईने डोळे मिटले. मग म्हणाली, "असंल. गोठ्यात जाताना कवातरी चुकून असंल." ती धडधडीत खोटं बोलत होती, मला वाचवायला. त्या खोट्याचा दंड ठरला: दोघींनी सोमवारचा उपास धरायचा, वशाट, म्हणजे मासळी-मटण, सोडायचं आणि पहाटेचं परसाकडचं असो की गोठ्यातलं शेण काढणं असो, पायाखाली काही म्हणजे काही घ्यायचं नाही. आधी आई गोठ्यात निदान सुपारीच्या झावळीची विरी पायाखाली घ्यायची. तीही बंद झाली.

तेव्हापासून आई सड्यावर माझ्यामागून चालेनाशी झाली. पाखाडी चढून वर आली की कडेच्या दगडावर बसायची आणि म्हणायची, "जा तू. मी हय बसून बघतंय." विळा मांडीवर, गवताला हात नाही. मला वाटायचं ती देवीचा जप करतेय. मी आपली धावायची, म्हणजे पाय ओढायची. ऊन तापायच्या आत दोघी घरी यायचो. घरात मासळी शिजत नव्हती, सोमवारी तर चूलही उशिरा पेटायची, आणि आप्पा समाधानाने खाकरायचे, कारण आता सगळं रीतसर चाललं होतं.

भरतीच्या दिवशी पहिल्या एसटीने आम्ही रत्नागिरीला उतरलो. मैदानात आधीच मुलींची गर्दी होती. कोल्हापूरकडच्या, चिपळूणच्या, दापोलीच्या. कुणाचे भाऊ बरोबर, कुणाचे वडील. कुणी अंग सैल करत होत्या, कुणी एकमेकींच्या वेण्या आवळत होत्या. छातीवर नंबर लावणाऱ्या हवालदारीण बाईंनी माझ्या पायांकडे बघून विचारलं, "बूट?" मी म्हटलं, नवस आहे. माझा नंबर टाचणीने लावताना त्या जरा थांबल्या. आई कुंपणाबाहेर उभी होती, दोन्ही हातांनी तार धरून. आज मला कळतं की ती उभी राहण्यासाठी तार धरून होती.

शिट्टी झाली आणि आम्ही सुटलो. पहिला वळसा मी सगळ्यांच्या मधोमध होते. मला आठवतं, मला खोटीच आशा वाटली. वाटलं, देवीने आजच्यासाठी सगळा दम राखून ठेवला होता. वळणावर मुलींच्या पावलांचा एकसारखा आवाज येत होता आणि त्यात माझा आवाज वेगळा होता, चटचट, उघड्या तळव्यांचा. मग ढोल सुरू झाला. आधी कानात, मग गळ्यात, मग सगळ्या अंगात. मी गुळाचा खडा आठवला, झुडूप आठवलं, सरांचे शब्द आठवले. एकेक मुलगी मला ओलांडून गेली. शेवटची गेली तेव्हा तिने मागे वळून बघितलं. मी धावत होते असं मला वाटत होतं, पण नंतर आईने सांगितलं की मी चालतही नव्हते, जागच्या जागी पाय उचलत होते. मग मैदान एका बाजूला कललं. तोंडात माती आली. खरी माती, मैदानाची, आणि शरमेची गोष्ट अशी की तेवढ्यातही ती मला चांगली लागली.

डोळे उघडले तेव्हा त्याच हवालदारीण बाई माझ्यावर वाकल्या होत्या. त्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि कुणाला तरी म्हणाल्या, "हिच्यात रक्तच नाहीये. दवाखान्यात न्या." माझा नंबर त्यांनी स्वतःच्या हाताने काढला. टाचणी मला टोचू नये म्हणून किती हळू काढला. मी त्यांना म्हटलं, "बाई, परत धावू?" त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी ये हं." असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होत्या. त्यांनी नखं पाहिली, जीभ पाहिली, रक्त घेतलं, आणि मग, मला वाटलं, भलतेच प्रश्न विचारले. माती खातेस का? परसाकडे कुठे जाता? तिथे पायात काय असतं? मी म्हटलं, काही नसतं. त्यांनी समजावून सांगितलं. राईतल्या त्या ओल्या घाणीत जंत असतात, दिसत नाहीत इतके बारीक, ते तळपायाच्या कातडीतून आत शिरतात, पोटात जाऊन आतड्याला चिकटतात आणि रक्त पितात. चिखल्या वाटल्या त्या चिखल्या नव्हत्या, ती त्यांची आत जायची वाट. "किती दिवस अनवाणी आहेस?" त्यांनी विचारलं. मी आईकडे बघितलं. आई भिंतीला टेकून ऐकत होती. तिने सगळं ऐकलं होतं आणि सगळं तिला समजलं होतं. तिचा चेहरा मी त्यानंतर कित्येक वर्षं झोपेत पाहिला. डॉक्टरीणही तिच्याकडे बघत होत्या. मग त्या उठल्या, आईजवळ गेल्या आणि तिची पापणी खाली ओढली. माझी पापणी फिकट गुलाबी तरी होती. आईची कागदासारखी पांढरी होती. "तुम्ही इथवर चालत कशा आलात?" त्या म्हणाल्या. आई म्हणाली, "एसटीना."

मी त्या खोलीत रडले, मोठ्याने, लाज सोडून. भरती गेली म्हणून नाही. ती दगडावर बसून मला बघत होती ते जपासाठी नाही, तिच्यात चार पावलं टाकायचं बळ उरलं नव्हतं म्हणून, हे मला तेव्हा कळलं म्हणून. तिच्या धापेविषयी, तिच्या थरथरणाऱ्या हातांविषयी कुणी कौल लावला नव्हता. मीही नाही विचारलं.

आम्हाला जंतांच्या गोळ्या आणि रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या. त्या घेतल्यावर आपलं शेण काळं होतं, अशी आई कुरकुर करायची आणि आपल्याच बोलण्यावर हसायची. डॉक्टरणीने बजावून सांगितलं होतं की चपलेशिवाय पाऊल टाकायचं नाही. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी आई एकटीच देवळात गेली. परत येऊन तिने माझ्यापुढे माझ्या स्लीपरा ठेवल्या. "घाल. तुजा वाटा मी माज्यावर घेतला. देवीला सांगून आलंय." मी म्हटलं, "आणि तू?" "माजा ऱ्हायला. बोल्लंय ना मी, तू लागंपर्यंत." मी ओरडले, पाया पडले, तिच्या स्लीपरा तिच्या पायात कोंबायला गेले. तिने पाय मागे घेतले. आप्पांना मी सांगितलं, डॉक्टर काय म्हणाली ते सगळं. ते ऐकून म्हणाले, "डॉक्टरनीचा डॉक्टरनीकडं. देवीपुढचा शब्द कसा मोडायचा?" त्या माणसाचा मला आजही राग येतो. आईचाही येतो. तिच्यावरचा राग काढायला जागा नाही, एवढाच फरक.

माघ येईपर्यंत माझ्या अंगात रक्त भरलं. एका सकाळी मी चपला घालून सड्यावर गेले, कडेला काढून ठेवल्या, कोरड्या कातळावर काही भीती नव्हती, आणि कुंडापर्यंत जाऊन न थांबता परत आले. धाप लागली ती साधी, माणसाची. ती मला इतकी ओळखीची वाटली की मी कातळावर उताणी पडून हसले. मग आठवलं की आता हे धावणं माझं राहिलं नाही. मी लागले तरच आईच्या पायात चप्पल येणार होती. त्या दिवसापासून मी जशी धावले तशी कधीच धावले नव्हते. पण त्या वर्षी दुसरी भरती निघाली नाही, आणि शिमगा काही कुणासाठी थांबला नाही. बाबा आले, संगमेश्वरची माणसं आली, ओटीवर सुपारी फुटली. लग्नात आई मांडवातून अनवाणी फिरत होती आणि पाहुणे म्हणत होते, किती देवभोळी बाई.

सासूची उसाभर मी केली. ती वाईट बाई नव्हती. पुढे भरत्या निघाल्या, तेव्हा माझ्या पदरात मूल होतं. मग वयच उलटून गेलं. मी माहेरी गेले की आईच्या मागे लागायची. "आई, माझं वय गेलं, आता पोलिसात कुणी घेत नाही. सोड तो नवस." ती म्हणायची, "वय गेला ता सरकारचा. देवीकडं कुटं वय बघतात?" मी दर खेपेला गोळ्या न्यायची, ती मुकाट्याने घ्यायची, जरा तरतरी यायची, आणि पावसाळा आला की पुन्हा राई, पुन्हा गोठा, पुन्हा ती पांढरी पापणी. शेवटी शेवटी तिच्या पायांवर सूज यायची. घरामागे संडास बांधून झाला, पण तिला तो फार वापरायला मिळाला नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं. एवढी वर्षं पाण्यासारखं रक्त ढकलत राहिलं, थकणारच.

दिवसकार्याला दानाचं सामान आणायचं होतं. छत्री, काठी, तांब्या आणि चपला. मेलेल्या माणसाला पुढची वाट तापलेली आणि काट्यांची असते म्हणून ब्राह्मणाला चपला द्यायच्या. भटजींनी सांगितलं, "तिच्या मापाच्या बघा." बाजारात जायला मीच निघाले. पालीच्या दुकानात पोराटोरांची गर्दी होती, शाळा सुरू व्हायचे दिवस. दुकानदाराने बायकांच्या चपलांचा जोड पुढे टाकला आणि विचारलं, "नंबर काय?" मला माहीत नव्हता. माझ्या आईच्या पायाचं माप मला माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं. "माणूस आलंय का बरोबर?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं आणि माझाच पाय पुढे केला. चप्पल बसली. ती कागदात बांधून घेताना मला पक्कं ठाऊक होतं की आई ती पायात घालणार नाही. मी अजून पोलिसात लागले नव्हते.